थ्रॉटल दिला की बोटीचं नाक वर जातं, ते खाली कसं ठेवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरोळ तालुक्यातल्या एका गावच्या तरुण मंडळाकडं पुरातल्या मदतीसाठी १४ फुटी फायबरची बोट आहे, तिला टिलरचं, म्हणजे हातानं दांडा धरून वळवायचं, २५ एचपीचं ओबीएम (मागच्या फळीला बाहेरून बसवायचं इंजिन) लावलंय. सराव करताना थ्रॉटल दिला की नाक इतकं वर जातं की चालवणाऱ्याला समोरचं पाणीच दिसत नाही. आणखी जोर दिला की बोट पळते, पण नाक वर-खाली आपटत राहतं. एकजण म्हणतो मागं ट्रिम टॅब, म्हणजे खाली झुकणारे पत्रे, बसवा, दुसरा म्हणतो पुढं वाळूची दोन पोती टाका. आता करायचं काय?

दोन्ही सल्ले तूर्त बाजूला ठेवा. ट्रिम टॅब हा अगदी शेवटचा उपाय, आणि वाळूचं पोतं हा उपायच नाही. त्याचं कारण पुढं सांगतो. तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून तुमच्या बोटीचा आजार बहुतेक फुकटात बरा होणारा आहे. मी इथं कोल्हापुरात ओबीएम दुरुस्त करतो. मे महिना सरत आला की नदीकाठच्या गावांतली पोरं बोटी काढून तपासायला आणतात, आणि इंजिन चालू होत नाही या तक्रारीच्या खालोखाल हीच तक्रार असते.

नाक वर जातं ते मागची बाजू पाण्यात बसते म्हणून. त्यामुळं नाक दाबायच्या मागं लागू नका, शेपूट उचलायच्या मागं लागा. ऊस भरलेली बैलगाडी मागं जड झाली की उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. अशा वेळी शहाणा गाडीवान जुवावर माणूस बसवत नाही, मागच्या मोळ्या काढून पुढं रचतो. बोटीचंही तेच.

बोट हळू चालते तेव्हा ती पाणी बाजूला सारत, पाण्यातच बसून जाते. वेग वाढला की तिच्या नाकाशी एक लाट उठते आणि ती लाट लांब लांब होत जाते. लाटेची लांबी बोटीएवढी होऊन त्याच्या पुढं वाढायला लागली की नाक लाटेच्या माथ्यावर आणि शेपूट खड्ड्याकडं, अशी गत होते. १४ फुटी बोटीला हा टप्पा ताशी ९ किलोमीटरच्या आसपास येतो. तिथून पुढं बोटीला आपल्याच लाटेचा चढ चढावा लागतो. ताकद पुरली आणि वजन नीट असलं तर ती चढ ओलांडते, नाक खाली येतं आणि पाण्याच्या वरच्या थरावर सपाट पळायला लागते. याला प्लेनिंग म्हणतात. ताकद कमी पडली किंवा मागं ओझं जास्त असलं तर ती चढावरच अडकते. नाक आभाळात, मागं मोठी लाट, पेट्रोल पाण्यासारखं जातंय आणि वेग मात्र नाही.

म्हणून पहिला नियम चालवणाऱ्यासाठी. चढावर रेंगाळायचं नाही. एक तर ताशी ८ किलोमीटरच्या आत राहा, नाहीतर थ्रॉटल ठामपणे देऊन चढ ओलांडा आणि बोट सपाट झाली की थ्रॉटल थोडा मागं घ्या. नवी पोरं भीतीपोटी अर्ध्या थ्रॉटलवर धरून ठेवतात. सगळ्यात वाईट तेच. समोर दिसत नाही, लाट सगळ्यात मोठी उठते, आणि पुराच्या पाण्यात गावात शिरला असाल तर ती लाट कुणाच्या तरी मातीच्या भिंतीवर जाऊन आदळते. गल्लीत, घरांजवळ, उसाच्या फडावरून जाताना तर प्लेनिंगचा विचारही करू नका. तिथं चालण्याच्या वेगानं जायचं. त्या वेगाला नाक वर जाण्याचा प्रश्न येतच नाही. तरीही येत असेल तर वजनाची मांडणी चुकलीय हे नक्की.

आता वजनाचा हिशेब. तुमच्या बोटीत शेवटच्या तीन फुटांत काय काय आहे ते बघा. २५ एचपीचं इंजिन टू स्ट्रोक असो वा फोर स्ट्रोक, ५० ते ७० किलोचं. टिलर धरून बसलेला माणूस ७५ किलोचा. त्याच्या पायाशी पेट्रोलची टाकी. २४ लिटर पेट्रोल म्हणजे १८ किलो, वर टाकीचं वजन धरून २१-२२. झाले की दीडशे किलो, तेही इंजिन लावलेल्या मागच्या फळीला अगदी चिकटून. त्यात हौसेनं सोबत आलेला मित्र गप्पा मारायला चालवणाऱ्याजवळच बसतो. पुढचे दहा फूट रिकामे.

वजन गुणिले अंतर, एवढंच गणित. ७० किलोचा माणूस एक मीटर पुढं सरकला तर ७०. टाकी दोन मीटर पुढं नेली तर ४४. चालवणारा स्वतः दोन फूट पुढं सरकला तर ४५. म्हणजे टाकी आणि चालवणारा मिळून एका माणसाला सव्वा मीटर पुढं सरकवल्याइतकं काम करतात, आणि त्यासाठी बोटीत कुणी जास्तीचं लागत नाही.

टाकी पुढं न्यायची तर पेट्रोलचा पाइप लांब लागेल. तो पेट्रोलसाठीचाच घ्या. पाण्याचा किंवा फवारणी पंपाचा पाइप जोडू नका, पेट्रोलनं तो आतून फुगतो आणि इंजिन ऐन वेळी बंद पडतं. पाइप कुणाच्या बुटाखाली चेंगरणार नाही असा कडेनं बांधा. टाकी पट्ट्यानं घट्ट बांधा, कारण पुढच्या भागाला हादरे जास्त बसतात. टाकी अगदी टोकाला नको, मधल्या फळीच्या जरा पुढं पुरे.

चालवणाऱ्याला पुढं सरकायचं तर टिलरला लांबवणारा दांडा मिळतो. माझ्या मते ट्रिम टॅबच्या निम्म्याहून कमी खर्चात हा दांडा जास्त काम करतो. फक्त हात इंजिनापासून लांब गेला की किल कॉर्ड, म्हणजे चालवणारा पडला की ओढली जाऊन इंजिन बंद करणारी दोरी, पुरते का ते बघा. किल कॉर्ड मांडीला किंवा लाईफ जॅकेटला अडकवलेलीच हवी. नाक वर गेलेल्या बोटीतून चालवणारा मागं पडतो तो थेट इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याच्या बाजूला, आणि वजन गेल्यावर मोकळी झालेली बोट गोल फिरून त्याच्याकडंच येते. ही कॉर्ड इंजिनालाच गुंडाळून ठेवलेली मी इतक्या वेळा बघतो की आता कुणाची बोट आली की पहिलं तेच विचारतो.

आता वाळूचं पोतं. पुढं वजन टाकायचं असेलच तर पाणी टाका. २० लिटरचे पाण्याचे कॅन बांधून ठेवा, एक कॅन म्हणजे २० किलो. बोटीत पाणी शिरलं किंवा ती उलटली तर पाण्यातल्या पाण्याला वजन नसतं, कॅन बोटीला खाली ओढत नाही, वाळू ओढते. शिवाय पूरग्रस्तांना प्यायचं पाणी न्यायचंच असतं. जाताना तुमचा भार आणि पोचल्यावर त्यांचं पाणी. मात्र कॅन काठोकाठ भरलेले हवेत. अर्धवट भरलेल्या कॅनमधलं पाणी नाक वर गेलं की मागं धावतं आणि उलाळ वाढवतं. बोटीच्या तळात साठलेल्या पाण्याचंही हेच. सरावाला निघताना तळ कोरडा आहे का बघा. चार बादल्या पाणी डोळ्याला काही वाटत नाही, पण थ्रॉटल दिला की ते सगळं फळीपाशी गोळा होतं.

वजन झालं की इंजिनाचा कोन.

ओबीएमच्या ब्रॅकेटमध्ये भोकं असतात आणि त्यातून एक आडवी पिन जाते. पिन फळीच्या सगळ्यात जवळच्या भोकात असली की इंजिनाचा खालचा पाय बोटीकडं आत येतो, पंखा पाणी मागं आणि किंचित खाली ढकलतो, शेपूट उचललं जातं आणि नाक खाली येतं. पिन बाहेरच्या भोकात गेली की उलट, नाक वर. मोठ्या इंजिनांना हे काम बटणावर होतं, तुमच्याला पिन काढूनच करावं लागेल. इंजिन बंद करून, किल कॉर्ड काढून. एका वेळी एकच भोक बदला. टाकी पण हलवली, पिन पण हलवली, माणूस पण हलवला, तर फरक कशानं पडला ते कधीच कळत नाही. पिन घातल्यावर ती दोन्ही बाजूंनी आरपार गेलीय आणि तिचं कुलूप बसलंय हे हातानं चाचपून बघा.

कोन बरोबर आहे का, हे ओळखायची खूण सोपी आहे. पंख्याच्या वर एक आडवी, सपाट पट्टी असते. बोट सपाट पळत असताना ही पट्टी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर हवी. बाजूनं दुसऱ्या बोटीतून किंवा काठावरून कुणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा. चालवणाऱ्याला जे वाटतं आणि चित्रणात जे दिसतं त्यात बराच फरक असतो.

तुमच्या बाबतीत आणखी एक शंका आहे. या आकाराच्या बऱ्याच इंजिनांना उथळ पाण्यासाठी एक खटका असतो. तो टाकला की इंजिन अर्धवट वर उचललेल्या स्थितीत अडकून राहतं, म्हणजे काठावरून निघताना पंखा जमिनीला घासत नाही. खोल पाण्यात आल्यावर तो खटका सोडून इंजिन पूर्ण खाली आणायचं असतं. ते राहिलं तर पिन कुठल्याही भोकात असली तरी उपयोग नाही, इंजिन बाहेरच्या कोनात आणि नाक आभाळात. आधी हेच तपासा. बोट पाण्यात असताना इंजिनाचा पाय खरंच पिनेला टेकलाय का, हात लावून बघा.

इंजिनाची उंचीही बघावी लागेल. छोट्या ओबीएमचे शाफ्ट, म्हणजे खालचे पाय, मुख्यतः दोन लांबीत येतात, १५ इंची आणि २० इंची. बोटीच्या मागच्या फळीची उंची त्याला जुळायला हवी. आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत, किंवा त्याखाली फार तर इंचभर हवी. १५ इंची फळीवर २० इंची शाफ्ट बसवला की पंखा फार खोल जातो. तिथून मारलेला जोर बोटीच्या वजनाच्या मध्यापासून खूप खाली पडतो आणि तोच नाक उचलतो. वर फवारा उडतो तो वेगळा. देणगीतून बोट एकीकडून आणि इंजिन दुसरीकडून आलेलं असलं की हे हमखास होतं. उलट, इंजिन फार वर बसलं किंवा कोन फार बाहेर गेला तर पंखा वरची हवा ओढतो. इंजिन एकदम किंचाळतं आणि बोट पुढं जात नाही. पुष्कळ जण तेव्हा क्लच गेला म्हणून माझ्याकडं येतात.

आता ते वर-खाली आपटणं. बोट प्लेनिंगवर आली आणि तळाचा फारच थोडा भाग पाण्याला टेकून राहिला की ती एका टोकावर तोलल्यासारखी होते. नाक वर जातं, आधार सुटतो, नाक पडतं, आपटून परत वर. कारणं तीच दोन, मागं वजन आणि इंजिन बाहेर. चालू असताना हे सुरू झालं तर थ्रॉटल थोडा कमी करा, पुढच्या माणसाला जागेवरच बसून पुढं वाकायला सांगा. जोर वाढवून ते थांबवायला जाऊ नका. परत आल्यावर पिन एक भोक आत.

पिन सगळ्यात आत, वजन पुढं, शाफ्ट बरोबर, तरी आपटतेच, असं असेल तर बोट उलटी करा. गवंड्याची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी तळाच्या मागच्या चार-पाच फुटांवर, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी लांबीच्या दिशेनं ठेवून बघा. तळ तिथं सपाट हवा. मधे फुगीर असेल, म्हणजे पट्टी मधे टेकून टोकाशी झुलत असेल, तर ती बोट आपटणारच, कारण तो फुगवटा शेपूट खाली ओढतो. फायबर बोटी उन्हात चुकीच्या आधारावर वर्षभर पडून राहिल्या की तळ असा बिघडतो. आणखी एक, जुन्या फायबर बोटींच्या फरशीखाली भरलेला फोम पाणी पितो. जी बोट चार माणसं मिळून उचलत होती ती आता सहाजणांनाही उचलत नसेल तर संशय घ्या. हे दोन्ही फायबरवाल्याकडचं काम आहे, पिनेनं सुटत नाही.

इंजिनाच्या ताकदीबद्दल एक इकडचीच गोष्ट. मालवणहून बोट आणणारे मला सांगतात, तिकडं चार माणसं घेऊन झटक्यात सपाट व्हायची, इथं होत नाही, इंजिन बसलंय का बघा. इंजिन बहुतेक वेळा ठीक असतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. हवा विरळ होते तशी साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर १०० मीटरला साधारण एक टक्क्यानं कमी होते, म्हणजे इथं पाच-सहा टक्के गेलीच. त्यात गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, बोट तेवढ्याच वजनाला किंचित जास्त बुडते. चढ ओलांडायला जी शेवटची ताकद लागते ती नेमकी इथं कमी पडते. अशा वेळी कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर पुढं ढकलणारा, पंखा लावला की इंजिन मोकळं होतं. एक इंच पिच कमी केली तर पूर्ण थ्रॉटलला दीडशे ते दोनशे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) वाढतात. इंजिनाच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलचा आरपीएमचा पट्टा दिलेला असतो, तुमच्या नेहमीच्या भारासह त्यात बसायला हवं. उधारीवर आरपीएम मीटर आणून एकदा बघाच. चार पात्यांचा पंखाही शेपूट चांगलं उचलतो, सरळ वेग थोडा कमी होतो. मदतीच्या बोटीला सरळ वेगाचं काय कौतुक?

इथवर सगळं नाक खाली आणायचं सांगितलं. आता उलट बाजू, कारण माणसं एकदा शिकली की अति करतात. इंजिन पूर्ण आत आणि पुढं तीन माणसं, अशी बोट वेगात नाकावर चालते. सुकाणू जड होतं, टिलर एका बाजूला ओढतो, आणि वळताना नाक पाण्यात रुतून शेपूट झपकन फिरतं. माणसं बाहेर फेकली जातात. बैलांच्या मानेवर सगळा भार टाकल्यासारखं ते. बोट पळताना पुढचा भाग पाण्याच्या वर, मधला आणि मागचा भाग टेकलेला, फवारा बोटीच्या साधारण मधून बाजूला उडतोय, असं दिसलं की पिनेला आणखी हात लावू नका. फवारा पुढून, नाकाजवळून उडत असेल तर नाक जास्त खाली आहे.

लाटांचा हिशेबही आहे. पंचगंगेला लाटा कुठल्या, असं उन्हाळ्यात वाटतं. पूर आल्यावर नृसिंहवाडी-कुरुंदवाडच्या बाजूला कृष्णा आणि पंचगंगेचं पाणी एक होऊन पसरतं तेव्हा वारा त्यावर आखूड, टोकदार लाटा उठवतो. त्यांच्या समोरून जाताना नाक जरा खाली असलेलं बरं, बोट लाट कापत जाते, आपटत नाही. लाटा मागून येत असतील तर नाक जरा वर हवं, नाहीतर ते पुढच्या लाटेच्या पाठीत घुसतं. पिन चालू बोटीत बदलता येत नाही, म्हणून हे माणसांच्या जागा बदलून करायचं, तेही वेग उतरवून, एका वेळी एकानं, वाकून सरकत. प्रवाहाचे भोवरे आणि उसळ्या असतात तिथं खाली नाक ठेवून वेगानं जाणं म्हणजे नाक प्रवाहाच्या हातात देणं. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ हे बंधारे पाण्याखाली गेले की वरून पाणी नुसतं गुळगुळीत दिसतं. खालच्या बाजूला पाणी उलटं फिरत असतं, तिथं अडकलेली बोट सुटत नाही. ट्रिम, म्हणजे नाक-शेपटाचा तोल, कितीही चांगला असो, बंधाऱ्यावरून जायचं नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका धरतात; त्या पातळीला सराव नको. सराव त्याच्या कितीतरी आधी, शांत पाण्यात, परवानगी काढून.

थ्रॉटल एकदम सोडू नका, हेही याच विषयातलं. नाक वर असलेली बोट अचानक थांबवली की तिचीच मागची लाट पुढं येऊन फळीवरून आत शिरते. १५ इंची फळी म्हणजे जेमतेम ३८ सेंटिमीटर. टप्प्याटप्प्यानं उतरवा, आणि लाट अंगावर येताना दिसली तर क्षणभर पुढचा जोर देऊन तिच्यापासून निघा.

माणसं आणायला जाताना आणि घेऊन येताना ही दोन वेगळ्या बोटी समजा. जाताना दोघंच, नाक उचलणारी. येताना सातजण, जड आणि संथ. माणसं चढली की ओळखीच्या माणसाजवळ, म्हणजे सहसा मागं, चालवणाऱ्याजवळ गोळा होतात. तसं होऊ देऊ नका. चालवणाऱ्यानं हात टिलरवर ठेवावा, बसवायचं काम दुसऱ्यानं करावं. जड माणसं मधे, मुलं त्यांच्यामध्ये खाली फरशीवर, म्हाताऱ्यांना काठावर नाही, सामान पुढं. पुढच्या टोकावर पाय बाहेर सोडून कुणी नाही. हातातल्या गाठोड्यावरून भांडणं होतात. मला विचाराल तर पहिल्या फेरीत गाठोडं नको म्हणून सांगा आणि दुसऱ्या फेरीत आणून द्या. मात्र आजीच्या हातातली देवाची पिशवी हिसकावू नका, ती किलोभराचीच असते. किती माणसं हे बोटीवरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. पाटी निघून गेली असेल तर बनवणाऱ्याला विचारून रंगवून घ्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ते इकडं कुणी विसरलेलं नाही. अशी भरलेली बोट प्लेनिंगवर आणायचा प्रयत्नच करायचा नाही, ताशी ८ किलोमीटरच्या आत, सपाट, सरळ.

रबरी बोटवाल्यांसाठी दोन शब्द, कारण तालुक्याला त्याच जास्त आहेत. त्यांचं नाक वर जायचं पहिलं कारण हवा. सकाळी उन्हात फुगवलेली बोट थंड पाण्यात सोडली की हवा आकसते, दाब उतरतो, तळ मधे वाकतो आणि पुढचा अर्धा भाग वर उचलला जातो. पाण्यात सोडल्यावर दहा मिनिटांनी परत पंप मारा. ट्यूबमध्ये साधारण ०.२ ते ०.२५ बार लागतो, तळाच्या हवा भरायच्या कण्यालाही आठवणीनं. कितीही अनुभवी चालवणारा असला तरी वाऱ्यात एकट्यानं रबरी बोट जोरात पळवायची नाही. रिकामं, हलकं नाक वर गेलं की वारा खालून शिरतो आणि बोट मागं उलटवतो. दोन-तीन भरलेले कॅन नाकाशी बांधा, नाहीतर दुसरा माणूस न्या.

आता तुमचा मूळ प्रश्न, ट्रिम टॅब. मागच्या फळीला तळाशी दोन बाजूंना दोन पत्रे, खाली झुकवले की त्या बाजूचं शेपूट उचलतात. मोठ्या, डेकवाल्या बोटींना ते फार कामाचे, कारण तिथं माणसं हलवून काही होत नाही, आणि एका बाजूला कललेली बोट एक टॅब खाली करून सरळही करता येते. डावा टॅब खाली केला की डावं शेपूट उचलतं आणि उजव्या बाजूचं नाक दबतं. तुमच्या १४ फुटी बोटीला, जी उसात, तारेच्या कुंपणात, जलपर्णीत शिरणार आहे, तिथं मागं बाहेर आलेले दोन पत्रे म्हणजे अडकायला दोन जागा जास्त. इंजिनाच्या पट्टीला बोल्टनं लावायचे प्लास्टिकचे पंखही मिळतात, त्यानं बोट लवकर सपाट होते हे खरं, पण पट्टीला भोकं पाडावी लागतात आणि जलपर्णी त्यातच गुंतते. जलपर्णी गुंतली की इंजिन थंड ठेवायचं पाणी ओढणारी जाळीही बंद होते, आणि मग नाक राहिलं बाजूला, इंजिनच तापून बसतं. पिन सगळ्यात आत असूनही नाक वर राहत असेल तर त्याआधी फळी आणि इंजिन यांच्यामध्ये पाचरीसारखी पट्टी घालून कोन आणखी चार-पाच अंश आत घेता येतो. टॅबपेक्षा ते मला पसंत. फक्त पाचर बसवल्यावर बोल्ट लांब लागतात, तेच जुने आखूड बोल्ट ताणून बसवू नका.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा तीन मापं घेऊन लिहा: मागच्या फळीची मधोमध उंची, आडवी पट्टी तळाच्या किती खाली येते ते, आणि पिन कितव्या भोकात आहे. बोटीत किती जण होते आणि कुठं बसले होते, तेही.